बोळकं

सड्यावरच्या आमच्या गॅलरीतून समुद्र दिसतो.
तरी साईशने घरात एक आणला,
दोनशे लिटरचा,
आणि त्याला मीठ विकतचं, पिशवीतून.
मी म्हटलं, खाली एवढं पडलंय ते?
म्हणाला, ते बंदराचं पाणी, आई. कोळसा, डिझेल. माशाला चालायचं नाही.
मग सप्टेंबरात तो बोटीवर लागला
आणि समुद्र माझ्याकडे राहिला.

मासा करंगळीएवढा. क्लाउनफिश.
नारिंगी, तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काजळाची कड.
आठशे रुपये.
त्याच दिवशी मी बांगडे घेतले, शंभरला चार,
आणि चिरताना टाकीकडे पाठ केली.

प्रवाळ नंतर आलं. टॉर्च म्हणतात.
दगडाच्या दोन देठांवर हिरवट बोटं,
प्रत्येक बोटाच्या टोकाला फिकट दिवा.
डंख असतो, हातमोजे घाल, असं सांगून गेला होता.
मी घातले नाहीत.
मनगटावर चार दिवस खाजकुयरीची रेघ.

माशाला मात्र काही नाही.
सरळ आत शिरला, लोळला,
अंग घासलं, तोंडाने ओढून पाहिलं,
रात्री तिथेच निजला.
जमलं म्हटलं यांचं.
फोटो पाठवला. सुएझवरून अंगठा आला.

तिसऱ्या आठवड्यात बोटं आखडली.
दिवे विझले असं नाही म्हणता येणार,
आत ओढून घेतले.
खालचं हाड दिसायला लागलं,
पांढरं, पाती पाती, उभ्या किसणीसारखं.

चिखलीच्या इनासला विचारलं. दुकान त्याचंच.
तो म्हणाला, बाय, ही जोडी समुद्रातली नव्हे.
समुद्रात ह्याचं घर म्हणजे समुद्रफूल.
त्याला पाय असतो. नको झालं की
सरकतं दगडावरून, जातं आपलं.
हे हाडाला बांधलेलं. जायचं कुठे?
आणि मासा तुझा शेडमधे जन्मलेला, निळ्या पिंपात.
समुद्रफूल त्याने पाहिलेलंच नाही.
हलतं ते घर, एवढंच ठाऊक.

रात्री स्टूल घेऊन टाकीपुढे बसले.
ज्याच्याकडे डंख, तेच मिटत होतं.
ज्याला डंख लागत नव्हता
तो तिथेच अंग घासत होता, लाडाने, पुन्हा पुन्हा.
मला त्या वेळी घरातलीच दोन-तीन माणसं आठवली.
नावं लिहीत नाही.

भाजीची जाळीची परडी धुतली
आणि प्रवाळावर पालथी घातली, वर दगड.
मासा दिवसभर परडीवर टकटक करी.
रात्री पंपाच्या कोपऱ्यात,
तिरपा, जागाच.
इनास म्हणाला, मातीचं काही दे त्याला, छोटं.
संक्रांतीचं एक बोळकं उरलं होतं, कोरं.
उकळून घेतलं, वाळूत आडवं ठेवलं.
दोन दिवस त्याने त्याला चावे घेतले.
तिसऱ्या दिवशी आत गेला,
तोंड बाहेर ठेवून बसला,
बंदराच्या गेटवरच्या वॉचमनसारखा.

अठराव्या दिवशी परडी काढली.
एक देठ गेला. इनास म्हणतो, तो आता दगडच.
दुसऱ्याला सात बोटं आली आहेत.
मोजली. एक अर्धं आहे, तेही धरलं.
मासा अधूनमधून तिथे जातो,
थबकतो, परत फिरतो. रोज फिरेलच असं नाही.
परडी मी ओट्यावरच ठेवलीय.

काल रॉटरडॅमहून फोन.
आधी माशाची चौकशी. सांगितलं, बोळक्यात आहे.
प्रवाळ? सात, म्हटलं.
आणि पाण्याची खार किती? मोजतेस ना, त्या काट्याने?
काटा गेल्या महिन्यात फुटला होता माझ्या हातून.
म्हटलं, बरोबर आहे. जिभेवर घेऊन बघते रोज.
तो ओरडायला लागला.
समोर एक बोट कोळसा घेऊन नांगरून होती, सगळे दिवे लावून.
तो ओरडत राहिला, रेंज असेपर्यंत.