कामगार या शब्दाची व्याख्या

निकाल इंग्रजीत होता.
वकिलानं पणजीच्या त्या जिन्यात उभं राहून
घाईघाईनं मराठी केलं :
अर्ज निकाली काढला.
तू कामगार नव्हेस, म्हणून.
भेदभावाच्या मुद्द्यात शिरायची
मग कोर्टाला गरजच उरली नाही.

शेवंती वेळीप, राहणार केपे.
बारा वर्षं हॉटेलच्या तळघरात चादरी.
मीठ, वाळू, सनस्क्रीनचे पिवळे डाग,
कधी रक्त, त्याला थंड पाणी, हेही तिनंच मला शिकवलं.
डबलबेडची चादर एकटीला घडी होत नाही.
ती एक टोक धरायची, मी दुसरं,
चालत एकमेकींजवळ यायचं,
कोपऱ्याला कोपरा.

मग तिला ते पत्र मिळालं. लिनन सुपरवायझर.
महिना तीनशे जास्त.
हाताखाली दोन मशिनं आणि एक इस्त्री.
हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणल्या होत्या तिनं,
मी तीन खाल्ल्या.
कंपनीच्या वकिलानं तेच पत्र
दोन बोटांत धरून वर केलं.
सुपरवायझर बाई कामगार कशी?

रिसेप्शनची जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला होता.
रात्रीच्या क्लासचं इंग्रजी, नवी सँडल.
मॅनेजर म्हणाला, समोर जरा उजळ माणूस लागतं, समजून घे.
तिनं समजून घेतलं नाही.
आठव्या दिवशी गेटवर तिचा डबा आणि छत्री.

ते वाक्य निकालात कुठेच नाही.
ते ऐकणाऱ्या दोघीच होतो.
साक्षीच्या दिवशी मी म्हटलं, आठवत नाही.
पोरीची फी होती डिसेंबरात.
ते मला कुणी विचारलं नाही.

'मग मी कोण गो?'
तिनं वकिलाला नाही, मला विचारलं.
वकील म्हणाला, हायकोर्टात बघू,
आणि झेरॉक्सचे चाळीस रुपये मागितले.

कदंबा स्टँडवर मडगावची गाडी लागली होती.
पायरीवर एक पाय ठेवून
तिनं निकालाची प्रत घडी केली,
अर्धी, पाव,
नखानं कड दाबून, सवयीनं.
माझा हात पुढे झालाच होता.
साधा ए-फोर कागद.
एकटीला पुरतो.