फॉल्ट रजिस्टर

टॉवेलची एक लूप जरी निसटली
तरी पंधरा मिनिटांत मला सांगता येतं
ती कुणाच्या हातून निसटली.
रोलच्या टोकाला खडूनं लिहिलेलं असतं,
माग नऊ, रात्रपाळी,
आणि नारायण गुंडेटी मान खाली घालून येतो,
म्हणतो, डोळा लागला होता अक्का, लिही.
मी लिहिते. सही घेते. त्याचे चाळीस रुपये जातात.
अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये
अकरा वर्षं मी हेच करत आलेय.

माझा तम्मुडू अंबादास इथंच पॅकिंगला होता.
मग तिकडं गेला, एका लॉजच्या धोबीखान्यात.
त्या गावाचं नाव अजून मला नीट म्हणता येत नाही.
एकदा फोनवर हसत म्हणाला,
इथंपण आपलेच टॉवेल हाईत की,
कोपऱ्यात तुझा सतरा नंबर बघितला मी.
ऊन लई आहे, अर्ध्या तासात वाळतात.

गुरुवारी सकाळी तो गच्चीवर टॉवेल पसरत होता.
चिमट्यांची टोपली धरून लॉजवाल्याच्या दोन मुली,
आणि शेजारचा म्हातारा,
त्याला कबुतरांना दाणे टाकायचे होते फक्त.

वरून कुणीतरी बघत होतं.
बघणारा बसला होता दुसऱ्याच देशात, गार खोलीत,
तिथं तेव्हा रात्रपाळी असणार.
त्याचाही डोळा लागला होता का,
एवढंच मला विचारायचं आहे.

पत्रकात आलं,
"छतावर ओळीने काही मांडले जात असल्याचे आढळले."
ओळीनं. हो.
मीच शिकवलं होतं त्याला,
कडेला कड लाव, नाहीतर घडी तिरकी येते.

कलेक्टर कचेरीतल्या सावळगीकर साहेबांनी चहा दिला.
म्हणाले, अर्ज वर पाठवतो.
वरूनच तर आलं होतं सगळं.
मुंबईनं दिल्लीला, दिल्लीनं वकिलातीला,
वकिलातीनं ज्यांचं यंत्र होतं त्यांना,
आणि दीड वर्षानं एक पान.
गल्लीतल्या स्नेहलता बुरानं वाचून सांगितलं,
घटना खेदजनक आहे. कार्यपद्धतीचं पालन झालं होतं.
सहीच्या जागी शिक्का,
शिक्क्यात खात्याचं नाव. माणूस नाही.
मी पान उलटं केलं, सवयीनं,
कापडाची मागची बाजू बघतो तसं.
मागं कोरं.

आई विड्या वळते.
हजारात वीस सैल निघाल्या
तर ठेकेदार छाट काढतो, तिच्यादेखत मोडतो,
पानाचे पैसे धरतो वर.
तिनं सुपातून मान न काढता विचारलं,
त्यांच्यात छाट कोण काढतं गं?
मी म्हटलं, जेवून घे.

पार्क चौकातून जाताना
चार पुतळ्यांपाशी रिक्षा सिग्नलला थांबते.
यांच्या फाशीच्या कागदावर
कुणाची तरी सही असणारच, नावासकट.
इतकं तरी. असं काहीतरी डोक्यात येतं
आणि मागचा हॉर्न देतो.

पेटीबरोबर सामान आलं होतं त्यात एक टॉवेल होता.
धुतलेला. कुणी धुतला माहीत नाही.
कोपऱ्यात सतरा.
मी तो टेबलावर टाकला, दिव्याखाली,
हात फिरवला नेहमीसारखा,
आणि रजिस्टर उघडलं.
माग : चार. पाळी : दिवसपाळी.
विणीत दोष नाही.
डाग : आहे.
जबाबदार :

सुपरवायझर म्हणाला,
रकाना मोकळा ठेवून चालत नाही, मॅडम,
पुढच्या महिन्यात बायरचे ऑडिटर येणार.
बायर त्याच देशातला आहे.
चांगली माणसं असतात ती, मागच्या वेळी
आग विझवायचे डबेसुद्धा मोजून गेली.

मी म्हटलं, येऊ देत.
ते पान मी वरतीच उघडं ठेवलंय,
शेजारी पेन.