ड्रॉ

लेतेब्रहानच्या वहीत सत्तेचाळीसाव्या पानावर
एकच शब्द: ड्रॉ.
त्यापुढं तिनं चार ओळी मोकळ्या ठेवल्यात,
तेवढ्या पुरतील असं वाटून.

डरहमकडच्या एका जुन्या खाणगावात
विटांच्या रांगेतलं शेवटून दुसरं घर.
सकाळी सातला ती कुंडीखालची किल्ली काढते.
हेटी स्टॉब्स, वय एक्क्याण्णव,
जागीच असते, दात पेल्यात.
"पडदे ड्रॉ कर, पोरी."
उघडू की लावू?
"दोन्हीला तोच शब्द. बाहेर बघ आणि ठरव."

पहिली ओळ तिथंच भरली.

मग चहा. किटलीला लोकरीचं टोपडं.
"लगेच ओतू नकोस, ड्रॉ होऊ दे."
मग शेकोटी: धुराडं ड्रॉ करत नाही,
वर डोमकावळ्यांनी काड्या कोंबल्यात.
पेन्शन मंगळवारी ड्रॉ करायची असायची,
पोस्टात, रांगेत, टोपी घालून.
आता त्या जागी गोंदवून देतात.
चॅपलच्या तळघरात नाताळचा ड्रॉ,
त्यात हेटीला तीन वर्षं बिस्किटांचा डबा लागला,
तीनदा तोच डबा, तोच पोचा.
आणि शनिवारी रेडिओवर
नव्वद मिनिटं घसे फोडून कुणीच जिंकलं नाही,
तोही ड्रॉच. हेटी खूश.
"हरलो नाही ना? मग झालं."

मला हसायचा अधिकार नाही.
आम्ही चित्र काढतो, पाणी काढतो, दात काढतो,
दृष्ट काढतो, कर्ज काढतो,
वर्षं काढतो परमुलखात,
कुणाची आठवण काढतो, तर कुणाची खोडी,
आणि भांडण तापलं की
सरळ एकमेकांचा बाप काढतो.
एखादी लेतेब्रहान आमच्या दारी वही घेऊन आली
तर मी तिला कितव्या ओळीवर थांबवेन?

बुधवारी केस विंचरून घेताना हेटी म्हणाली,
"आमचा आल्फसुद्धा ड्रॉ करायचा."
लेतेब्रहाननं भिंती पाहिल्या.
एक कॅलेंडर. एक पितळी नाल.
चित्र कुठंच नव्हतं.

"खांब, पोरी.
कोळसा काढून झाला की मागं टेकू उरायचे लाकडाचे.
ते काढून आणायचे, पुढं वापरायला.
एकेक उपसायचा आणि छताला कान द्यायचा.
लाकूड आधी कुरकुरतं, सांगतं, पळ.
पुढं लोखंडी आले. ते मुके."

कंगवा थांबला होता.

"त्याला डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलेलं.
मला बोलला नव्हता.
कामावरून काढतील म्हणून
कुणालाच बोलला नव्हता."

मग तिनं स्वतःच विचारलं,
आज आंघोळीला पाणी ड्रॉ करणार आहेस की नाही?
लेतेब्रहाननं नळ सोडला.
कोपर बुडवून पाहिलं,
अस्माऱ्यात तिची आई पाहायची तसं.
हेटीची पाठ कागदासारखी पातळ,
खांद्यावर एक जुना निळसर डाग.
त्याबद्दल तिनं विचारलं नाही.
वहीतल्या ओळी केव्हाच संपल्या होत्या,
समासही भरला होता उभ्या अक्षरांनी,
फक्त खांब कुठं लिहायचे ते तिला ठरवता येईना.

दुपारचे पावणेचार.
रस्त्यावर दिवा लागलेली रिकामी बस.
एक पोरगा गॅरेजच्या दारावर चेंडू आपटतोय,
दार प्रत्येक वेळी तेच उत्तर देतंय.

"रात्री ड्रॉ व्हायला लागल्या," हेटी पुटपुटते,
म्हणजे दिवस आखडले,
म्हणजे अंधार जवळ सरकतोय,
खुर्ची ओढून बसणाऱ्या शेजारणीसारखा.

लेतेब्रहान पडद्यापाशी उभी आहे,
दोन्ही हातांत कापड.
बाहेर बघून झालंय.
अजून ठरत नाही.