जिन्याचा दिवा

वडगावात, विणकरांच्या गल्लीत,
घर एक, मीटर दोन.
खाली लुमाण्णा आणि त्याचे चार माग,
वर धाकटा भरमाण्णा; खडेबाजारात शिलाईचं दुकान,
थोरल्याशी बोलणं बंद, सहा वर्षं.
मधे जिना. पंधरा पायऱ्या, सातवी फुटलेली.
तिच्यावर रात्री वरच्या वैनी घसरल्या,
म्हणून मला बोलावणं.

मी विचारलं, फेज कुणाच्या मीटरातनं घेऊ?
दोघांची बोटं एकमेकाकडं.
निम्मं-निम्मं करता येत न्हाई बाबांनो, मी म्हटलं,
ज्याचा फेज, न्यूट्रल त्याचाच.
शेवटी नाणं उडवलं. खालच्यावर आलं.
त्यानं नाणं उचलून उलटंपालटं करून बघितलं.

तीन-तीन स्क्रूचे दोन स्विच.
खालच्याच्या मधल्या स्क्रूत फेज,
वरच्याच्या मधल्यातनं दिव्याला वायर,
आणि दोन्हीच्या मधे लाल नि पिवळी,
पट्टीतनं अंगाला अंग लावून गेलेल्या.
वीज एका वेळी एकीतनंच जाते,
दुसरी तशीच पडून असते, जोडलेली.

ईरण्णा, माझा बैलहोंगलचा पोऱ्या, वरनं ओरडला, "बंतु!"
मी खालनं टिक केलं. "होयतु!"
परत टिक. "बंतु!"
मागावरची बाई हसत म्हणाली, आली म्हण की रे.
"आली," ईरण्णा म्हणाला, आणि तेवढ्यात त्यानंच घालवली.

लुमाण्णा म्हणाला, बटणावर लिही,
वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद.
लिहिता येत न्हाई, मी म्हटलं.
तुमचं वर असताना चालू का बंद,
ते तिकडचं कसं हाय, त्यावर.
"म्हणजे माझ्या घरात माझं बटण..."
त्यानं वाक्य तिथंच सोडलं.
मी झाकण बसवलं.

दिवाळीनंतर भरमाण्णाचा फोन:
फॉल्ट हाय. रात्री दिवा आपोआप लागतोय.
गेलो. दोन्ही बोर्ड खोलले, टेस्टर लावला,
एक स्क्रू ढिला न्हाई.
मग समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो, चहा मागवून.

साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी
फुटक्या सायलेन्सरची ती लुना वाजली.
आत माग थांबला.
लुमाण्णाचा हात, सुताचे तंतू चिकटलेला,
न बघता भिंतीकडं गेला.
टिक.
भरमाण्णा चढला, सातवी टाळून.
वर पोचला. टिक.
अंधार. आणि माग परत सुरू.

फॉल्ट न्हाई, मी दुसऱ्या दिवशी वर सांगितलं.
"मग लागतो कसा?"
मी सामानाची पिशवी आवरत राहिलो.
व्हिजिटचे शंभर मागितले,
तर म्हणाला, मीटर त्याचं, खालच्याकडनं घे.
खालचा म्हणाला, फोन कुणी केला? वरच्याकडनं घे.

ते शंभर अजून यायचेत.