तीन मिनिटांची गिरणी

पहिल्या दिवशी आम्ही दारातच उभे राहिलो.
वैजनाथच्या भावाचा फोन,
पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये अडकवलेला,
आणि समोर सेलूतल्या मठ गल्लीची कोटंबेंची गिरणी.
चार मिनिटं वीस सेकंद. एका जागेवरून.
सोनखेडकर मॅडमनी सगळं पाहिलं, जांभई दाबत,
म्हणाल्या, "सीसीटीव्ही झालाय रे हा.
चोर तरी येईल म्हणून बघत बसले,
तोही आला नाही."

मग फोन हलायला लागला.
इतका, की अंजुमला गरगरलं.

हलायचं नसतं उगाच, जागा बदलायची असते,
हे कळायला गुरुवार उजाडला.
घरी नाही का,
आईला पैसे मागताना आपण ओट्याला टेकतो
आणि बापाला मागताना
दाराच्या अर्ध्या फळीआड उभे राहतो.

ज्वारीच्या पोत्यांवर चढलो.
वरून माणसं नव्हती, नुसती झाकणं,
खडूनं लिहिलेली:
चिद्रवार, शेख, वाघमारे, परत शेख,
आणि एकावर नाव नाही, फक्त फूल.
"लिहिता येत नसंल," शिवकांता म्हणाली.
अंजुम म्हणाली, "येत असंल की. फूल आवडत असंल."
तेवढ्यात ते झाकण कुणीतरी उचलून नेलं.
ते शूट झालंय. नुसता हात.

मी जमिनीला गाल लावला.
खालून कोटंबे काका एवढे वाढले
की डोकं पत्र्याला टेकलं.
त्यांना दाखवलं तर लाजले,
"एवढा मोठा कामून केलाव मला?
पुसून टाका बरं, घरची हसंल."
पुसलं नाही.

क्रेन पाहिजे होती.
वैजनाथनं तराजू बघितला.
एका पारड्यात फोन, रुमालाच्या उशीवर उभा,
दुसऱ्यात मूठ मूठ ज्वारी.
पाच मुठींना उठायचा,
सहावीला हिसका बसायचा.
साडेपाच मुठींवर
तो तरंगत वर आला:
चाक, पट्टा, काकांचा खांदा,
भिंतीवरचं बंद घड्याळ,
पत्र्याच्या भोकातून उतरलेली उन्हाची काठी
आणि तिच्या आत, खाली न पडणारं पीठ.
आम्ही चौघं टाळ्या वाजवायला विसरलो.
ज्वारी मात्र परत पोत्यात ओतली, मोजून.

राहिलं जवळ जाणं.
"लाज वाटेल इतकं जवळ," मॅडम म्हणाल्या होत्या.
दर दोन मिनिटांनी काका
धारेखाली हात धरतात,
पीठ अंगठ्यानं बोटावर चोळतात,
आणि दगड एक नख कसतात.
जन्मापासून दळण आणतोय मी इथं,
हे कधी दिसलं नव्हतं.
फोन हातभर नेला. मग वीतभर. मग चार बोटं.
स्क्रीनभर अंगठा.
त्यावर रेषाच नव्हत्या.
नदीतला गोटा जसा.

"घासून गेल्या," काका म्हणाले,
"रेशनच्या मशीनला मी सापडत नाही.
दरवेळी पोराचा अंगठा लावायचा.
तुमच्या फोनला सापडलो का?"

कुणी काही बोललं नाही.
तेवढ्यात लाईट गेली,
पट्टा फट्, फट्, फट् करत
म्हाताऱ्यागत बसला.
मी बटण दाबायला विसरले,
म्हणून ती शांतताही आली आहे, एकोणीस सेकंद,
आणि शेवटी पलीकडच्या गल्लीतला
कुल्फीवाला.

शनिवारी वर्गाच्या भिंतीवर, पडदे ओढून.
पंखा लावला की भिंतीवरची गिरणी हलायची
म्हणून पंखा बंद, सगळे घामाघूम.
काका आले होते. इस्त्रीचा शर्ट,
कानाच्या पाळीवर तरी पांढरं राहिलंच.
बसा म्हटलं, बसले नाहीत.
दारात उभं राहून बघितलं,
आम्ही पहिल्या दिवशी जिथून बघत होतो तिथून.

भिंतीवर त्यांचा अंगठा आला, फळ्याहून मोठा.
मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं, मग गप्प झालं.
मी मागे वळून पाहिलं.
अंधारात त्यांची चिमूट चालू होती,
बोटावर अंगठा, बोटावर अंगठा.
पीठ नव्हतं.