तीन पावलं उजवीकडे

मे महिन्यात आमच्याकडे उजेड
सहा ते पावणेसात एवढाच असतो.
नंतर असतं ते ऊन.
आठला सातपुडा पुसट होतो,
नऊला अशा झळा उठतात
की लांब लेन्समधून पलीकडच्या केळी
वितळल्यासारख्या डुलतात.

म्हणून चारला उठायचं.
सावद्याहून स्कूटर, पायाशी ट्रायपॉड आडवा,
डब्यात कळण्याची शिळी भाकर.
काल लग्नात आठशे फोटो काढले,
आठशे वेळा लोकांना हसायला सांगितलं.
इथे तापीच्या फुगवट्यावर
कोणाला काही सांगायचं नसतं.

काळी माती मीटरला कळत नाही.
तो तिला करडी करू बघतो,
त्याला जगातलं सगळं मधलं हवं असतं.
फालक मास्तर म्हणायचे,
काळ्याला काळं राहू द्यायचं असेल तर
थोडा अंधार पदरचा घालावा लागतो.
मी दीड स्टॉप खाली उतरतो.
मग भेगा भेगांसारख्या दिसतात.

आणि एक गोष्ट मास्तरांनी शिकवली नव्हती,
माझी मीच शिकलो:
काठावर पोचलं की तीन पावलं डावीकडे सरकायचं.
तिथून बाभूळ बरोबर विजेच्या टॉवरच्या आड... म्हणजे
टॉवर बाभळीच्या आड.
बारा वर्षं सरकतोय.
जळगावला पहिलं बक्षीस मिळालं ते तिथूनच.
नुसतं पाणी, एक नदीसुरय, गुलाबी आभाळ.
तार नाही. पंप नाही. माणूस नाही.
परीक्षक म्हणाले, किती निवांत.

आज सुपडू कोळी ट्यूबवरून उतरला,
जाळं खांद्यावर, पाठीवर पाणी.
"काय टिपू राह्यला भो?"
पाणी, म्हटलं.
त्याने स्क्रीनवर ओला अंगठा ठेवून
खूप वेळ पाहिलं.
"मग मह्यं घर कुठी गेलं याच्यात?"

मी लेन्सवरची रिंग फिरवली.
पोलरायझरचं काम एवढंच:
पाण्यावरची चमक वेगळी काढतो,
सायीसारखी.
आभाळ निघून गेलं,
खाली हिरवट उजेडात
दगडांची एक ओळ, मग दुसरी, काटकोनात.
एक उखळ, तोंडापर्यंत गाळाने भरलेलं.

"हे चुलीचं," तो म्हणाला.
"इथी काड्यांवर वांगे भाजायचे. मी एवढा होतो,"
हात गुडघ्याशी.
मी रिंग उलटी फिरवली. आभाळ आलं, घर गेलं.
पुन्हा फिरवली. घर आलं.
मध्ये कुठेतरी थांबवली तर
दोन्ही अर्धवट, दोन्ही खोटं बोलल्यासारखं.
सहा चाळीस झाले होते.

काढला एक, घराचा. त्याला दाखवला.
सुपडूने मान हलवली.
हे कोणाचंही असू शकतं, दगड तर दगडच.
"टावर पाह्यजे त्याच्यात.
त्या टावरच्या उजव्या पायाच्या सरळ रेषेत
मह्या घराचा उंबरा.
पाणी चढलं तं आम्ही तसंच शोधतो.
टावर नसलं तं जागा सापडत नाही भो."

बाभळीवर होला बोलत होता.
मी काही बोललो नाही.
ट्रायपॉडचे तिन्ही पाय मिटले,
उचलला, आणि सरकलो.
रुंद लेन्स लावली. तारा आल्या.
टॉवरच्या एका तंगडीवर कुणीतरी बांधलेली
पिवळी पिशवी आली.
क्षितिज कापलं गेलं पाच ठिकाणी.
पाण्याखाली ओळ, वर लोखंड,
आणि डाव्या कोपऱ्यात
सुपडूची ट्यूब, अर्धी फ्रेमबाहेर;
ती आत घ्यायची की काढायची
हे ठरायच्या आत
तो तिच्यावर बसला, पाय मारला,
आणि तरंगांनी सगळं पुसलं:
घर, आभाळ, माझा अंदाज.

शटर तेव्हाच दाबलं गेलं होतं.

प्रिंट आता स्टुडिओच्या काचेत आहे,
पासपोर्ट फोटोंच्या नमुन्याशेजारी.
गिऱ्हाईक विचारतं, हा हललाय का?
मी म्हणतो, हो.
एक कॉपी सुपडूने नेली.
उलटी धरून नेली,
बोटाने टॉवरपासून मोजत.