पेन जाड घे

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावत नाही.
ओडिशा खाली लोंबतो, खुर्चीवर,
आणि त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही
असा नियम झालाय गेले आठ दिवस.

हरेश्वर म्हणतो, पेन जाड घे.
मी स्केचपेन घेते, मृण्मयीच्या शाळेतलं,
अजून ओलं कसं राहिलं कोण जाणे.
सोलापूर, हैदराबाद. तिथवर नुसतं पोचायचं.
खरा प्रवास विशाखापट्टणमपासून पुढे,
जिथून किनारा ईशान्येला कलत जातो
झोपेत कूस बदलल्यासारखा.
ईशान्य म्हणजे देवघराचा कोपरा, मी म्हणते.
आमच्याकडे तिथे माठ असायचा, तो म्हणतो.

दिवसाला शंभर किलोमीटर.
मी दीडशे म्हटलं होतं, त्यानं ऐंशी.
भाजीवालीशी करावी तशी घासाघीस
आणि वर कोथिंबिरीसारखा एक दिवस फुकट
गोपाळपूरला, काहीही न करण्यासाठी.

मे महिन्यात? तिकडे? खालच्या मजल्यावरचे राणे विचारतात.
पहाटे चारला निघू, नऊला थांबू,
दुपारभर कुठल्याशा लॉजच्या पंख्याखाली
पडून राहू फणसासारखे.
मृण्मयी फोनवर म्हणते, आई, विमानानं जा ना,
अडीच तासांत भुवनेश्वर.
अडीच तासांत पोचून
उरलेल्या महिन्याचं काय करायचं, बाळा?

छत्तीस वर्षं पोर्ट ट्रस्टात
यानं भरती-ओहोटीचे आकडे लिहिले,
इतके वाजून इतकी मिनिटं, इतके मीटर,
मोत्यासारख्या अक्षरात.
समुद्र कधी लेट झाला नाही.
आता त्याला चांदीपूर बघायचंय,
जिथे ओहोटीला पाणी कोसभर मागे जातं
आणि माणसं तळावरून चालत सुटतात.
अर्जित रजा, तो म्हणतो. रोज दोनदा!

आणि सूर्य.
गिरगाव, दादर, जुहू, कुठेही जा,
आपल्याला तो बुडतानाच दाखवतात.
याला पाण्यातून वर येणारा हवाय.
तुझ्या गोदीत उगवायचाच की रोज, मी म्हणते.
तो ड्यूटीवरचा. आणि मध्ये उरणचे डोंगर.

टायर बदलले. रेडिएटर धुतला.
कॉटन ग्रीनच्या इस्माईलभाईंनी बॉनेट आपटून विचारलं,
इतक्या लांब चालवणार कोण?
मी म्हटलं, मी.
त्यांनी हरेश्वरकडे पाहिलं.
हरेश्वर रेडिएटरच्या दिशेनं पाहत होता.

काल रविवार. रंगीत तालीम.
घोडपदेवहून पहाटे निघालो, भाऊच्या धक्क्यापर्यंत,
दहा मिनिटांचा रस्ता, पण थर्मास घेतला, नकाशा घेतला.
त्यानं तो मांडीवर ठेवला, घडी न उघडता.
आता खड्डा येईल, म्हणाला. आला.
आता डावीकडे रूळ. होते.
आता बर्फाचा वास. खिडकी खाली केली
तर बोंबील, डिझेल आणि बर्फाचा भुगा,
कोळणी ट्रकवाल्याच्या बापजाद्यांचा उद्धार करत होत्या.

उजाडलं.
घारापुरीच्या मागून तो वर आला,
अंड्याच्या बलकासारखा, थोडा फुटका.
हरेश्वर त्याच्याकडे बघत नव्हता.
तो बघत होता जरा बाजूला,
एका बांधलेल्या लाँचकडे.
समोर पाहिलं की मध्ये काही नसतं, म्हणाला.
जरा कडेला पाहिलं की येतो.

मीही मग लाँचकडे पाहिलं.
खरंच येत होता.

घरी येऊन चांदीपूरला आणखी चार दिवस लावले.
राणे विचारतील, तिथे इतके दिवस काय आहे?
गोल इतका दाबून काढला
की शाई कागदातून खाली उतरली
आणि खुर्चीच्या गादीवर
एक निळा ठिपका पडलाय.
तिथे बसायला आता हरकत नाही.
पण बसत नाही कुणी.